विरजण

पहिला आठवडा मला थापी मिळाली नाही.
मिळाला सुंभ, भाताच्या पेंढ्याचा,
आणि चिरलेल्या बांबूच्या कामट्या, अंगणभर.
उभी, आडवी, उभी, आडवी,
जिथे भेटतील तिथे सुंभाचा एक वेढा.
तोकुसाबुरो येत, अंगठ्याने कूड दाबून बघत
आणि काही न बोलता
माझी चौथी ओळ सोडवून टाकत.

अकरा वर्षं मी ओसाकात कवळ्या बनवल्या.
प्लास्टरची सवय आहे, असं अर्जात लिहिलं होतं.
दातांचं प्लास्टर सात मिनिटांत घट्ट होतं.
इथला चिखल ऑक्टोबरपासून खड्ड्यात पडलाय,
पेंढ्यासकट आंबून निळसर काळा,
आणि वास असा
की संध्याकाळच्या बसमध्ये
माझ्या शेजारची जागा रिकामी राहते.

"पाणी किती घालू?"
"त्यालाच विचार."
"पेंढा?"
"पायांना."
गुडघ्यापर्यंत पँट दुमडून उतरले.
आधी चिखल पाय धरून ठेवतो.
दोन दिवसांनी नुसता चाटतो.
मग एका सकाळी पाय वर काढला
तर पोटरीवरून पेंढ्याच्या दशा लोंबत राहिल्या,
तुटल्या नाहीत.
"आत्ता," ते काठावरून म्हणाले.
त्या 'आत्ता'चं माप लिहायला वही उघडली.
पानावर चार बोटं उमटली. तेवढीच नोंद आहे.

घर इनेकोबाईंचं, अवाजी बेटावर, कांद्याच्या वाफ्यांपलीकडे.
भूकंपात मागच्या खोलीची भिंत बसली,
खांब मात्र जागचे हलले नाहीत.
कंत्राटदार जिप्समचे तक्ते ठोकून देणार होता, चार दिवसांत.
बाईंनी त्याला चहा दिला
आणि पडलेली ढेकळं ताडपत्रीखाली झाकून ठेवली,
दोन हिवाळे.

ती ढेकळं आम्ही भिजत घातली.
एक फोडलं तर आत काड,
बाईंच्या लग्नाआधीच्या कुठल्याशा सुगीचं,
अजून पिवळं.
"नव्या मातीला जुनी लागते," तोकुसाबुरो म्हणाले.
स्वयंपाकघरात बाईंचं मडकं आहे,
मुळे मुरवायच्या कोंड्याचं, सासूच्या हातचं.
त्यात नवा कोंडा पडत राहतो,
जुना कधीच पुरता संपत नाही.
रोज हात घालून ढवळावं लागतं, एवढंच.
विरजण म्हणा हवं तर.

मग थापी.
चिखल कुडावर दाबायचा,
इतका, की कामट्यांमधून पलीकडे त्याची बोटं निघावीत.
कमी दाबला तर सुकून सुटतो,
जास्त दाबला तर सुंभ ताणतो.
मी अलीकडून दाबायची, बाई पलीकडे बसून सांगायच्या:
"आला. आला. इथे नाही आला."
मनगट सुजलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा शहाणा निघाला.
तिसऱ्या दिवशी दुपारी हात बसला,
चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा उठला.

नवव्या दिवशी ओल्या भिंतीतून
हिरवं काहीतरी वर आलं, सुईएवढं.
भात! पेंढ्यात राहिलेला एक दाणा.
मी ओरडले, फोन काढला,
बाईंना हाताला धरून आणलं.
तोकुसाबुरोंनी चष्मा चढवला,
नखाने तो कोंब उपटला
आणि म्हणाले,
"झोडपणी नीट झाली नाही."

बाईंनी तो बाटलीच्या झाकणात लावला. जगला नाही.

भिंत आता सुकतेय, तडकतेय.
तडकू द्यायची. त्याच भेगांत दुसरा थर धरणार आहे.
तोवर मला सुट्टी नाही, कामट्या आहेत,
पुढच्या कुणाच्या तरी.

काल बसमध्ये एक म्हातारा चढला.
बऱ्याच जागा रिकाम्या होत्या.
तो माझ्याशेजारी येऊन बसला,
पिशवी मांडीवर घेतली, नाक जरा वर केलं,
आणि दोन थांबे गेल्यावर विचारलं,
"कुणाची भिंत?"